ठोकळ्यांच्या टेबलाला हायडेगरचा उपयोग काय?

ठोकळे सरकवून आवाज बदलणारं टेबल बनवताना जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर कशाला वाचायचा, असं तुम्ही विचारलंय. 'हातात धरता येतं म्हणजे सोपं' एवढंच म्हणायचं असेल तर नकाच वाचू. शिवाय ते खरंही नाही.

त्याचं निरीक्षण (१९२७) असं: खिळा ठोकताना लक्ष कामावर असतं, हातोड्यावर नसतं. दांडा सैल झाला की हातोडा डोळ्यांत भरतो. संगणकशास्त्रज्ञ पॉल डूरिश यांनी २००१च्या पुस्तकात हा मुद्दा इंटरफेसला, म्हणजे माणूस आणि यंत्र यांच्यातल्या दुव्याला, लावला. माउस पॅडच्या कडेला पोचला की आपण तो उचलून मागे ठेवतो, म्हणजे कर्सरशी असलेला त्याचा संबंध आपणच तोडतो नि पुन्हा जोडतो. तेव्हा संबंध कुठे जुळतो, कुठे तुटतो आणि कोण तोडतं, हे आधी ठरवा.

बार्सिलोनात बनलेल्या रिॲक्टेबल या अशाच संगीत-टेबलावर ठोकळा उचलला की त्याचा आवाज थांबतो. इथे वापरणाराच संबंध तोडतो, म्हणून ते खटकत नाही. घात होतो तो ठोकळे टिपणाऱ्या टेबलाखालच्या कॅमेऱ्यानं परस्पर तोडला तर. कॅमेऱ्याचं चित्र वाचणारं रिॲक्टिव्हिजन हे सॉफ्टवेअर ठोकळ्याखालचं चिन्ह ओळखतं ते एकात एक बसलेल्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांवरून. ठोकळा हलताना चित्र फरफटलं, म्हणजे पुसट झालं, की ठिपके एकमेकांत मिसळतात आणि चिन्ह हरवतं. हात सेकंदाला ५० सेंमी वेगानं सरकत असेल, तर १/५० सेकंद शटरला फरफट १ सेंमी, १/५००ला फक्त १ मिमी. पण मग प्रकाश दसपट लागतो. ८५० नॅनोमीटरचे इन्फ्रारेड (अवरक्त) एलईडी वाढवा आणि टेबलावर चित्र पाडणाऱ्या प्रोजेक्टरचा उजेड अडवणारा फिल्टर कॅमेऱ्याला लावा. कॅमेऱ्याचा गेन (संकेत वाढवून चित्र उजळ करणं) वाढवून भागवू नका, चित्रात दाणे येतात.

एवढं करूनही अधूनमधून चिन्ह निसटेलच. म्हणून ठोकळा गेल्याचा संदेश आला तरी सुमारे २०० मिलिसेकंद थांबून मगच आवाज बंद करा. इथे सरळ एक सेकंद ठेवू नका. मग मुद्दाम उचललेला ठोकळाही वाजत राहतो, आणि दोष झाकायच्या नादात टेबलाचा मूळ अर्थच जातो.

फ्रेंच तत्त्वज्ञ मेर्लो-पाँतीच्या उदाहरणातला अंध माणूस काठीच्या टोकानं जमीन चाचपतो, काठी चाचपत नाही. तशी सवय जडायला ठोकळा हलवणं आणि आवाज बदलणं यांतला विलंब थोडा असला तरी चालेल, पण तो दर वेळी तेवढाच हवा.

चाचणीत 'सोपं वाटलं का?' विचारू नका. हातांचं चित्रीकरण करा. तोच ठोकळा त्याच जागी उचलून पुन्हा ठेवला गेला, तर संबंध तुटल्याचं वापरणाऱ्याला जाणवलं असावं; ती वेळ टिपा आणि चिन्ह हरवल्याच्या नोंदींशी ताडून बघा.