जबाबदारीबरोबर अधिकारही द्यावा

प्रश्न : माण तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या सातवीपर्यंतच्या शाळेत मी पदोन्नतीने मुख्याध्यापिका झाले आहे. पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस या शासनाच्या शालेय माहिती-पोर्टलवर भरायची माहिती, टपाल आणि बैठका यांतच दिवस संपतो. वाचन, गणित अशा विषयांची जबाबदारी मी सहकारी शिक्षकांना वाटून दिली. परंतु ‘आणखी एक काम मागे लागले’ असेच त्यांना वाटते. त्यांच्याकडे खरे नेतृत्व कसे सोपवावे?
— एक मुख्याध्यापिका, जि. सातारा

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांची नाराजी रास्त आहे. बहुतेक शाळांत शिक्षकाकडे जबाबदारी येते, पण तिच्यासाठी लागणारा वेळ त्याला मिळत नाही आणि निर्णय तर मुख्याध्यापकांच्याच टेबलावर राहतो. अशा वेळी ‘वाचन विभागप्रमुख’ हे पद केवळ फलकावरचे नाव ठरते. आपल्याकडील एखाद्या शिक्षिकेचा पहिली-दुसरीच्या वाचनात हातखंडा असेल, तर त्या वर्गांची वाचनाची तासिका केव्हा ठेवायची, चाचणी कशी घ्यायची आणि शाळेच्या अनुदानातील वाचनसाहित्याची रक्कम कोणत्या पुस्तकांवर खर्च करायची, हे त्यांनाच ठरवू द्यावे. त्यांचा एखादा निर्णय आपल्याला पटला नाही, तरी निदान एक सत्र तो बदलू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे.

वेळेचा प्रश्न अधिक कठीण आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टानुसार प्राथमिक वर्गांसाठी दीडशेहून अधिक आणि उच्च प्राथमिक वर्गांसाठी शंभराहून अधिक पटावर मुख्याध्यापकाचे स्वतंत्र पद धरले जाते. माण-खटावच्या वाड्यावस्त्यांवरील शाळांचा पट पाहता, तेथे शाळा चालवणारी व्यक्तीच एखादा वर्गही सांभाळत असते. आपल्याला स्वतंत्र वर्ग नसेल, तर आठवड्यातून एक-दोन तासिका त्या शिक्षिकेचा वर्ग आपण स्वतः घ्यावा आणि त्या वेळात त्यांनी सहकाऱ्याच्या वर्गात बसून त्याचे अध्यापन पाहावे. मुख्याध्यापकाने पुन्हा खडू हातात घेतल्याने पदाची प्रतिष्ठा कमी होत नाही. उलट कोणती मुले कोठे अडतात हे त्याला प्रत्यक्ष कळते, आणि ते कोणत्याही पोर्टलवर दिसत नाही.

या वर्गभेटीतील निरीक्षणे शेरेबुकात, म्हणजे तपासणीचे शेरे नोंदवण्याच्या वहीत, लिहू नयेत. कामाच्या मूल्यमापनाच्या गोपनीय अहवालाची छाया पडली की शिक्षक आपला उत्तम बसवलेला पाठ दाखवतात आणि खरी अडचण झाकून ठेवतात. दोघांनी आपसांत बोलावे, आणि त्यांना सांगावेसे वाटेल तेवढेच आपल्याला सांगावे.

धान्यसाठा, आर्थिक व्यवहार, सेवाविषयक नोंदी आणि मुलांची सुरक्षितता यांचे उत्तरदायित्व मात्र आपलेच राहील, आणि हे शिक्षकांना आधीच स्पष्ट सांगावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये शिक्षकांप्रमाणेच मुख्याध्यापकांनीही दरवर्षी किमान पन्नास तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण घ्यावे, अशी अपेक्षा आहे. त्या तासांचा विषय निवडण्याची मुभा असेल, तेव्हा माहिती भरण्याच्या तंत्रापेक्षा वर्गनिरीक्षण आणि सहकाऱ्यांशी अध्यापनाविषयी बोलण्याची पद्धत यांना अग्रक्रम द्यावा.

प्रश्न : आमच्या मुख्याध्यापकांनी आम्हा शिक्षकांना पुष्कळ मोकळीक दिली आहे. त्यांची बदली झाली की सारे थांबेल, ही धास्ती वाटते. काय करावे?
— एक शिक्षक, जत तालुका, जि. सांगली

उत्तर : ही मोकळीक एका व्यक्तीच्या स्वभावावर टिकून आहे, तोवर आपली धास्ती खरी आहे. कायद्याप्रमाणे शाळा विकास आराखडा तयार करण्याचे काम शाळा व्यवस्थापन समितीकडे आहे, आणि या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. कोणता विषय कोणाकडे, त्याला किती तासिका व किती रक्कम, हे त्या आराखड्यात लिहून घ्यावे आणि समितीच्या इतिवृत्तात नोंदवावे. मुलांच्या वाचनात झालेला फरक पालकांनी स्वतः पाहिला असेल, तर नव्या मुख्याध्यापकांपुढे ते स्वतःहून बोलतील. प्रत्येक कामात आतापासून दुसरा शिक्षक सोबत घ्यावा, कारण बदली आपलीही होऊ शकते. केंद्राच्या, म्हणजे परिसरातील शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत हे काम मांडण्याची संधीही केंद्रप्रमुखांकडे अवश्य मागावी. शेजारच्या दोन शाळांनी ते उचलले, तर ते एका शाळेपुरते राहणार नाही.