लाक्सनेसमधला लाख

प्रश्न असा: १९५५चं साहित्याचं नोबेल मिळालेल्या आइसलँडच्या हाल्दोर या कादंबरीकाराचं आडनाव लॅक्सनेस की लाक्सनेस, आणि त्याचा अर्थ काय?

लॅक्सनेस मुळीच नाही! इंग्रजीतल्या 'लॅक्स'शी, म्हणजे ढिलाईशी, या नावाचा काडीचा संबंध नसताना चांगले वाचणारे लोकही तसंच म्हणतात, ते फार खटकतं. आइसलँडमध्ये 'लाख्सनेस' असं काहीसं ऐकू येतं, 'ख' घशातून घासून काढलेला. लिहिताना लाक्सनेस पुरे. ते वडिलार्जित आडनावही नव्हे. जन्मनाव हाल्दोर गुद्योनसोन, म्हणजे गुद्योनचा मुलगा. ज्या शेतवाडीवर लहानपण गेलं तिचं नाव त्याने पुढे घेतलं. आपल्याकडे त्याला 'कर' लागला असता. 'नेस' म्हणजे भूशिर, संस्कृत 'नासा'चा भाऊबंद.

खरी गंमत 'लाक्स'मध्ये आहे. लाक्स म्हणजे सॅमन मासा (बाजारात ज्याला इंडियन सॅमन म्हणतात तो रावस वेगळा). जर्मनमध्ये लाक्स, रशियनमध्ये लोसोस, आणि पश्चिम चीनमधल्या तारिम खोऱ्यातल्या लुप्त तोखारी भाषेत 'लक्स' म्हणजे कुठलाही मासा. पॉल थीमे या जर्मन संस्कृतज्ञाने आपला 'लक्ष', म्हणजे लाख, याच माशाला जोडला: नदीत चढणारे अगणित मासे, म्हणून प्रचंड संख्या. लाखेची 'लाक्षा'ही त्याने तिथेच नेली, सॅमनच्या तांबूस मांसावरून.

बरेच पंडित हे उडवून लावतात. त्यांच्या मते लक्ष म्हणजे आधी 'खूण', मग संख्या. अहो, खूण तर शंभराचीही करता येते, मग ती लाखालाच का चिकटली? उलट मोठ्या संख्या पाण्यातून येतात, याचे दाखले पाहा. प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीत एक लाखाचं चिन्ह चक्क बेडकाचं पिल्लू आहे. आपल्या एकं-दहंमध्ये पुढे महापद्म आणि जलधि येतातच. आणि किड्यांपासून मिळणाऱ्या लाखेबद्दलची 'किडे लाखोंनी असतात म्हणून लाख' ही कोशांत फिरणारी व्युत्पत्ती तर मला अजिबात पटत नाही. रंगासाठी वापरायच्या वस्तूला लोक रंगावरून नाव देतील, की किडे मोजत बसतील?

लाक्षा अथर्ववेदात आहे, म्हणजे शब्द जुना. सॅमन भारतात नाही, हा आक्षेपही टिकत नाही. तोखारी बोलणाऱ्यांच्या वाळवंटात तरी तो कुठे होता? मासा मागे राहिला, शब्द पुढे आला.