हिरवा थर खरवडू नकोस

दादर, मुंबई
आषाढ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस की मध्य प्रदेशातल्या मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीतून आणलेल्या नमुन्यांवरचा हिरवा-तपकिरी थर ठोकून काढणार आणि आतला ताजा खडक तेवढा ठेवणार. निदान निम्मे नमुने तसेच राहू देत. मीही तुझ्याच वयाचा असताना राजस्थानात हेच केलं होतं. ‘ताजा नमुना आणा’ असं शिकवलेलं, म्हणून गंजलेले दगड मी जागीच टाकून आलो. संध्याकाळी आमच्या ज्येष्ठांनी पोतं उघडून विचारलं, ‘वरचं कुठे आहे?’ दुसऱ्या दिवशी सात किलोमीटर परत चालत गेलो. ती जागा सापडली नाही. अजून खंत वाटते.

त्या थरात काय लिहिलेलं असतं ते सांगतो. मूळ धातुक, म्हणजे ज्यातून धातू काढतात तो दगड, बहुतेक सल्फाइडचं, म्हणजे धातू आणि गंधक यांच्या संयुगाचं. त्यात पायराइट, म्हणजे लोहाचं सल्फाइड, असतोच. पावसाचं पाणी आणि हवा आत शिरली की पायराइट मोडतो, गंधकाम्ल तयार होतं, आणि सुटलेलं लोह स्वतःच पुढच्या सल्फाइडला खायला लागतं. ताक ठेवल्यावर तांब्याचं भांडं कळकतं ना, तसंच काहीसं डोंगराच्या पोटात हजारो-लाखो वर्षं चालतं. लोह वरच गंजून बसतं. तोच गॉसन. जर्मन खाणकामगार त्याला ‘लोखंडी टोपी’ म्हणत. राजस्थानातल्या राजपुरा-दरीबाचा गॉसन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केला आहे. जमेल तेव्हा बघून ये.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. एकाच आम्लात तीन धातू तीन तऱ्हेने वागतात. शिसं हलत नाही. गॅलेनापासून, म्हणजे शिशाच्या सल्फाइडपासून, झालेलं शिशाचं सल्फेट, म्हणजे अँग्लेसाइट, पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. ते गॅलेनाभोवतीच साल धरून बसतं आणि कार्बोनेटयुक्त पाणी आलं की सेरुसाइट, म्हणजे शिशाचं कार्बोनेट, होतं. म्हणून एकाच दगडात मधे गॅलेना, भोवती अँग्लेसाइट, बाहेर सेरुसाइट अशी कडी दिसू शकतात. जस्त याच्या अगदी उलट. त्याचं सल्फेट चटकन विरघळतं आणि पाण्याबरोबर दूर जातं. वाटेत चुनखडी लागली तर स्मिथसोनाइट, म्हणजे जस्ताचं कार्बोनेट, होऊन थांबतं. तांबं या दोघांच्या मधलं. ते विरघळतं, खाली झिरपतं, कार्बोनेट भेटलं तर हिरवं मॅलॅकाइट किंवा निळं अझुराइट होतं, सिलिका भेटली तर क्रिसोकोला. भूजलाच्या पातळीखाली, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथे ते जुन्या सल्फाइडमधल्या लोहाची जागा घेतं आणि कॅल्कोसाइट तयार होतं. तांबं-लोहाचं मूळ सल्फाइड असलेल्या कॅल्कोपायराइटमध्ये तांबं सुमारे ३४.६ टक्के, कॅल्कोसाइटमध्ये जवळजवळ ८० टक्के. वरून धुऊन गेलेली श्रीमंती खाली साठते. थर खरवडलास तर हा सगळा प्रवास पुसला जाईल.

अशा झिजेतून होणारी दोन खनिजं तुला बाजारातून ठाऊक आहेत. द्राक्षबागांवर बोर्डो मिश्रणात फवारतात ते मोरचूद, म्हणजे तांब्याचं सल्फेट, आणि दुसरं हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट. खाणींच्या भिंतींवर दोन्ही आपोआप फुलतात. पाण्यात विरघळतात, म्हणून नमुना कधीच आधी धुऊ नकोस. ब्रशने झटक. आणि चव घेऊन बघायची जुनी खोड लावून घेऊ नकोस, अशा खनिजांपैकी काहींत आर्सेनिक असतं.

एक गल्लत मुंबईची मुलं हमखास करतात, म्हणून लिहितो. कांदिवली-मालाडच्या जुन्या दगडखाणींतले झिओलाइट किंवा पुण्याजवळच्या वाघोलीचं निळं कॅव्हन्साइट, यांनाही पुस्तकात दुय्यम खनिजंच म्हणतात. पण ती बेसाल्टच्या पोकळ्यांत गरम पाण्यातून वाढलेली. धातुकाच्या झिजेशी त्यांचा संबंध नाही. वहीत दोघांची पानं वेगळी ठेव.

आपल्या गावात धातूची खाण नाही म्हणून खट्टू होऊ नकोस. फोर्टातल्या वस्तुसंग्रहालयात सातवाहनांची शिशाची नाणी मांडलेली दिसली तर थांबून बघ. जुन्या शिशावर जे पांढुरकं पुट चढतं, त्यात सेरुसाइट असतं. खाणीत घडतं तेच माणसाने पाडलेल्या नाण्यावर. समुद्राकाठच्या कांस्य पुतळ्यांवरही खाऱ्या हवेमुळे तांब्याची क्लोराइडं येतात. त्यातलं अटाकामाइट चिलीच्या कोरड्या वाळवंटावरून नाव मिळालेलं. मला ही जोडी फार सुंदर वाटते.

ओळख पटवायची कशी? हिरव्या कणावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाक. फसफसला तर मॅलॅकाइट. गप्प राहिला तर क्रिसोकोलाचा संशय धर. पांढरं, चकचकीत आणि हाताला नको इतकं जड लागलं तर सेरुसाइट असू शकतं. त्याची घनता साधारण ६.५, क्वार्ट्झची २.६५. दोऱ्याला बांधून पाण्यात वजन केलंस की फरक लगेच कळतो.

पायराइटचे नमुने मात्र आजच वेगळे काढ. आपल्या पावसाळी हवेत तो खोक्यातही कुजतो, पिवळसर भुकटी होते आणि सुटणारं आम्ल शेजारचे दगड आणि लेबलं दोन्ही खातं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेव. लेबल पेन्सिलीने लिही. त्यावर नावाआधी जागा, किती खोलवर सापडला आणि दगड कोणत्या बाजूने वर होता ते लिही. नाव पुढे कधीही दुरुस्त करता येतं.

शनिवारी सगळा डबा घेऊन ये. आम्ल आणि वजनकाटा माझ्याकडे आहे. भिंग तुझं आण, माझ्या डोळ्यांना आता कडी नीट दिसत नाहीत, ती तू मला वाचून दाखव.

तुझा,
सर