गाडी लागली आणि उत्तर राहिलं

पुणे

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा वाकडेवाडीच्या स्टँडवर तू म्हणालीस, "काका, एमपीएससी पुरे झाली. मला आमदार व्हायचंय." तेवढ्यात जुन्नरची गाडी लागली.

आधी हिशोब बघ. पुणे जिल्ह्यात विधानसभेच्या २१ जागा, अनुसूचित जमातीसाठी, म्हणजे आपल्यासाठी, राखीव एकही नाही. राखीव हवी तर डोंगर ओलांडून शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या अकोले मतदारसंघात जायचं, आणि तिथे काही कुणी तुझी वाट बघत बसलेलं नाही. तुझं गाव मात्र पेसात आहे, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखाली. तिथे सरपंच आदिवासीच. १९९६ च्या त्या कायद्याने गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे दिली. म्हणजे तुझी आजी अंगणात वाळत घालते तो बाळहिरडा. व्यापारी तो कोणत्या काट्यावर मोजतो, हे विचारायला आमदारकी लागत नाही.

कागद आत्ताच जमव. मी ग्रामपंचायतीच्या राखीव जागेवर उभा राहणार होतो. आपली जमात महादेव कोळी, पण माझ्या आजोबांच्या दाखल्यावर नुसतं 'कोळी' होतं, 'महादेव' गायब. जमातीच्या पडताळणीला १९५० च्या आधीची नोंद हवी होती. ती सापडली चुलत आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, अर्धं पान वाळवीने खाल्लेलं. तोवर ती निवडणूक होऊन गेली होती!

पुढच्या खेपेला सदस्य झालो. एका संध्याकाळी प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या ठरावांची वही, घरी आलं. "सभा झाली म्हणून लिहिलंय, सही करा." चहा उकळत होता, मी केली. वाचलं नाही. चार महिन्यांनी कळलं, त्या ठरावात खडी क्रशरला ना हरकत होती. गावाने मला शिव्या दिल्या नाहीत, हे जास्त लागलं.

द्रौपदी मुर्मूंचं नाव तू घेतलंस. लोक त्यांच्या गोष्टीचं पहिलं आणि शेवटचं पान सांगतात: १९९७ ला ओडिशातल्या रायरंगपूरच्या नगरसेविका, २०२२ ला राष्ट्रपती. मला मधली पानं आवडतात. २००९ ला त्या लोकसभेला पडल्या. पुढे झारखंडच्या राज्यपाल असताना, २०१७ मध्ये, छोटानागपूर आणि संथाल परगण्यातल्या आदिवासी जमिनी राखणाऱ्या कायद्यांतल्या दुरुस्त्या त्यांनी सही न करता परत पाठवल्या. सरकार त्यांच्याच जुन्या पक्षाचं होतं. बाकी त्यांच्या राजकारणावर आपण भांडू, पण ती न केलेली सही मला माझ्या त्या चहाची आठवण करून देते.

पक्षवाले येतील. राखीव पदाला त्यांना नाव हवं असतं, आणि शिकलेली मुलगी म्हटल्यावर तर हारही तयार असतो. लगेच हो म्हणू नकोस. अभ्यासिकेची फी भरलीच आहेस, तर परीक्षाही देऊन टाक. पंचायत राजचा तो अभ्यास वाया जात नाही.

१५ ऑगस्टला ग्रामसभा आहे, गावी जा. मागच्या दोन वर्षांचं प्रोसिडिंग बुक मागून घे. त्यात आजीचा अंगठा किती वेळा आहे ते मोज, आणि त्यातल्या किती सभांना ती गेली होती, ते तिलाच विचार.

तुझा,
काका