रॅमवर चिप कोणाची, हे कसं ओळखायचं?

डब्यावरचं नाव विसरा. कोर्सेअर काय, जी.स्किल काय, चिप सॅमसंग, हायनिक्स, मायक्रॉन अशांकडूनच घेतात, आणि एकाच मॉडेलमध्ये लॉट बदलला की चिपही बदलू शकते.

आधी सीपीयू-झेडमध्ये (कॉम्प्युटरच्या भागांची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) एसपीडी टॅब उघडा. 'मॉड्यूल' म्हणजे रॅमची पट्टी बनवणारा, 'डीरॅम' म्हणजे चिप बनवणारा. नवखे इथेच गल्लत करतात. डीरॅमची ओळ कधीकधी रिकामीच असते. मग स्टिकर बघा. कोर्सेअरच्या डीडीआर४ (रॅमची एक पिढी) पट्टीवर 'व्हर्जन ४.३१' दिसलं तर आत सॅमसंगची ८ गिगाबिट बी-डाय ('डाय' म्हणजे चिपच्या रचनेची आवृत्ती). पहिला आकडा ३ असेल तर मायक्रॉन, ५ असेल तर हायनिक्स.

पट्टी उघडी, म्हणजे वर हीटसिंक (उष्णता घालवणारं धातूचं कव्हर) नसेल तर थेट चिपच वाचा, टॉर्च तिरका धरून. उदा. के४ए८जी०८५डब्ल्यूबी: 'के४ए' सॅमसंग डीडीआर४, '८जी' ८ गिगाबिट, '०८' आठ बिट रुंदी, शेवटचा 'बी' म्हणजे डाय. ८ गिगाबिट म्हणजे १ जीबी, म्हणून अशा ८ चिप म्हणजे ८ जीबी. मायक्रॉनवर मात्र पाच अक्षरी कोड असतो. तो त्यांच्या साइटवर उलगडतो.

हीटसिंक ओढून काढू नका. खालची चिकटपट्टी घट्ट असते, चिपच उखडून येते, आणि वॉरंटी जाते ती वेगळीच.