जुना पीसी फायरवॉल म्हणून लावलाय, पण नेटच चालेना!

प्रश्न : सर नमस्कार. माझा छोटा कॉम्प्युटर क्लास आहे, १२ पीसी. घरी धूळ खात पडलेला कोअर टू ड्युओ होता (४ जीबी रॅम), त्यात अजून एक लॅन कार्ड घालून ओपीएनसेन्स (पीसीला फायरवॉल, म्हणजे नेट आणि आतले पीसी ह्यांमधला पहारेकरी, बनवणारं सॉफ्टवेअर) टाकलं. १९२.१६८.१.१ टाकलं की त्याचं पेज उघडतं, लॉगिन होतं, पण नेट काही येत नाही. नेटवाल्याच्या राउटरची वायर थेट पीसीला लावली की मस्त चालतं. नवं कार्ड खराब असेल का? आणि पोरं टायपिंग सोडून यूट्यूब बघत बसतात, ते बंद करायचंय. – क्लासचालक, बार्शी

उत्तर : कार्डाला कशाला दोष देताय, त्याची काही चूक नाही. नेटवाल्याच्या राउटरचा पत्ता तुम्ही लिहिला नाहीत, पण पैज लावतो, तोही १९२.१६८.१.१ च निघणार. बऱ्याच राउटरना कंपनीतूनच तो पत्ता असतो, आणि ओपीएनसेन्सनेही लॅनसाठी (आतल्या पीसींच्या बाजूसाठी) मुळात तोच धरलेला असतो. आता गंमत बघा, तुमचा फायरवॉलवाला पीसी वॅनच्या (बाहेरच्या नेटकडच्या) कार्डावर राउटरकडून १९२.१६८.१.अमुक घेतो, राउटर त्याला सांगतो की बाहेर जायचं तर १९२.१६८.१.१ कडे पाठव, आणि पीसी म्हणतो अरे, १९२.१६८.१.१ म्हणजे तर मीच की! बसला मग स्वतःचंच दार वाजवत.

इलाज सोपा आहे. फायरवॉलला मॉनिटर-कीबोर्ड लावा, रूट (मुख्य वापरकर्ता) म्हणून लॉगिन करा, काळ्या स्क्रीनवर आकड्यांचा मेनू येतो त्यात २ दाबा, लॅन निवडा आणि पत्ता द्या १९२.१६८.५०.१, सबनेट विचारलं की २४. डीएचसीपी (पीसींना आपोआप पत्ते वाटणारी सोय) चालू करू का विचारेल, हो म्हणा, .१०० ते .१५० द्या, बारा मशीनला रग्गड झालं. मग क्लासच्या पीसींच्या वायरी एकदा काढून परत लावा, नाहीतर ते जुनाच पत्ता धरून बसतात आणि तुम्हाला वाटतं काहीच बदललं नाही. फायरवॉलचं पेजही आता नव्या पत्त्यावर उघडेल, हे कागदावर लिहून सीपीयूलाच चिकटवा.

कुठलं कार्ड वॅन आणि कुठलं लॅन ह्यात गोंधळ असेल तर त्याच मेनूत १ दाबा, नाव विचारलं की ए दाबून एंटर, आणि मग वायर खोचा. ज्यात वायर घातली ते कार्ड तो आपणहून ओळखतो. नावं ईएम०, आरई० अशी दिसतील, ईएम म्हणजे इंटेल, आरई म्हणजे रिअलटेक. ओपीएनसेन्स फ्रीबीएसडी ह्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं आणि तिथे काही रिअलटेक कार्डं लोड आला की रुसतात, तसं झालं तर सेकंडहँड बाजारातलं इंटेलचं कार्ड घाला, आत्ता घाई नको.

आणि हो, नेटवाल्याच्या राउटरचं वायफाय बंद करा! ते चालू राहिलं तर पोरं त्यावरून थेट बाहेर जाणार आणि फायरवॉल बाजूला बसून नुसता वीज खाणार. वायफाय हवंच असेल तर एखादा जुना राउटर घ्या, त्याला १९२.१६८.५०.२ पत्ता द्या, त्याचं डीएचसीपी बंद करा आणि फायरवॉलकडून आलेल्या स्विचची वायर त्याच्या वॅनमध्ये नाही, लॅनच्या भोकात घाला. इथे दहातले आठ जण चुकतात.

यूट्यूबचं म्हणाल तर पान कुलूपबंद एचटीटीपीएसने येतं, आत काय चाललंय ते फायरवॉलला दिसत नाही, पण साइटचा पत्ता विचारायला मशीन डीएनएसकडे (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरकडे) जातं तिथे अडवता येतं. अनबाउंड म्हणजे फायरवॉलमधलाच डीएनएस, त्याच्या ब्लॉकलिस्टमध्ये यूट्यूबचं नाव टाका. एखादं हुशार पोरगं मशीनमध्ये ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस) टाकेल, म्हणून लॅनवरून पोर्ट ५३ ला (डीएनएसच्या वाटेला) जाणारं सगळं फायरवॉलकडेच वळवायचा नियम करा. ब्राउझरमधला सिक्युअर डीएनएसही बंद करावा लागेल, तो ४४३ वरून (एचटीटीपीएसच्या वाटेने) जातो, ५३ चा नियम त्याला लागत नाही. एवढं करून पोराने खिशातल्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावला तर मात्र मास्तर, तुमची नजर हाच फायरवॉल.

वॅनवर काहीही उघडू नका. बाहेरून येणारं सगळं मुळातच बंद असतं, आतून मागितलेल्याचं उत्तर तेवढं आत येतं, तेच हवंय. नेट चालत नाही म्हणून वॅनवर 'सगळ्यांना परवानगी' असा नियम घातलेले महाभाग मी पाहिलेत.

प्रश्न : वर्षभर छान चाललेला पीएफसेन्स (ओपीएनसेन्ससारखाच फायरवॉल) लाइट जाऊन आली की बंदच पडतो. म्हणजे चालू होतो, पण कुठलीच साइट उघडत नाही. ८.८.८.८ ला पिंग (पोचतंय का बघायची हाक) मात्र जातं. – वाचक, चंद्रपूर

उत्तर : तारीख बघा फायरवॉलवरची. कित्येक वर्षं मागची दिसली तर मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर २०३२ सेल मेलाय. ह्या सेलने मला दोन संध्याकाळी रडवलंय, नेटवाल्याला उगाच फोन करून शिव्या घातल्या, नंतर लाजेने त्याला सांगितलंही नाही. होतं काय, डीएनएसच्या उत्तरावर सही असते आणि सहीला तारखेची मुदत असते, घड्याळ मागे गेलं की अनबाउंडला प्रत्येक सही खोटी वाटते, तो एकही उत्तर मान्य करत नाही. घड्याळ नेटवरून जुळवावं तर वेळेच्या सर्व्हरचं नाव शोधायलाही डीएनएसच लागतो, झाली का पंचाईत! शे-पन्नास रुपयांत सेल येतो, बदला, बायोसमध्ये तारीख घाला. तिथेच लाइट आल्यावर मशीन आपोआप चालू होण्याचा पर्याय आहे तोही लावून घ्या.

प्रश्न : ह्यांनी हॉलमध्ये जुना डेस्कटॉप गेटवे (घरातलं सगळं नेट ज्यातून जातं तो) म्हणून लावलाय, दिवसरात्र चालू. घरात माणसं तीन. बिल किती वाढेल हो? – एक वाचक, ठाणे

उत्तर : जुना डेस्कटॉप नुसता बसून ६० वॅट खातो असं धरलं तर २४ तास आणि ३० दिवसांचे ४३ युनिट झाले. तुमच्या बिलातला दर लावून गुणाकार करा आणि कागद त्यांच्यासमोर ठेवा. सेकंडहँड थिन क्लायंट (ऑफिसातला चिमुकला पीसी) १० ते १५ वॅटमध्ये तेच काम करतो, आवाजही नाही. फक्त त्याला बहुतेक वेळा लॅनचं भोक एकच असतं, दोनवाला मिळतोय का बघून घ्या, यूएसबी लॅनवर चोवीस तास विसंबू नका. तीनच माणसं असतील तर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर टाकायचं सॉफ्टवेअर) चालणारा साधा राउटरही पुरेल, पण ते ह्यांना पटेल का ते तुम्हीच बघा.