ईमेल चालू राहिले, मुदत थांबली नाही

प्रश्न : २२ महिन्यांपूर्वी ऑनलाइन मागवलेल्या मॉनिटरच्या जाहिरातीत ‘एचडीआर१०’ (जास्त गडद-उजळ छटा दाखवणाऱ्या व्हिडिओचं एक मानक) असं ठळक लिहिलं होतं. प्रत्यक्षात एचडीआर व्हिडिओ लावला की चित्र राखाडी, धुतल्यासारखं दिसतं. सेवा केंद्र दर वेळी नवा तक्रार क्रमांक देतं आणि ड्रायव्हर बदला, केबल बदला असं सांगतं. पहिली तक्रार मी मॉनिटर आल्याच्या तिसऱ्या दिवशी नोंदवली, त्यांचा शेवटचा ईमेल मागच्याच आठवड्यात आला. जाहिरातीचं पान मात्र मी जपून ठेवलेलं नाही. पैसे परत मागता येतील का?

उत्तर : तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते २२ महिने. ग्राहक संरक्षण कायदा २०१९च्या कलम ६९नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल व्हावी लागते. म्हणजे तुमच्या हातात जेमतेम दोन महिने आहेत. मागच्या आठवड्यातल्या ईमेलपासून नवी दोन वर्षं मिळतात, असा समज करून घेऊ नका. नुसत्या पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. असे प्रश्न माझ्याकडे सतत येतात आणि जवळजवळ प्रत्येकाने शेवटचा ईमेल जपून ठेवलेला असतो. माल कधी हातात आला, हे मात्र सांगता येत नाही.

जुन्या कायद्यातल्या अशाच तरतुदीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केलं होतं की, मुदतीचा मुद्दा आयोगाने स्वतःहून तपासायचा आहे. त्यामुळे कंपनी हरकत घेणार नाही, या भरवशावर राहू नका. दोष नंतर लक्षात आला, असा युक्तिवाद काही प्रकरणांत चालतो. तुम्ही तर मॉनिटर आल्याच्या तिसऱ्या दिवशी पहिली तक्रार नोंदवल्याचं लिहिलं आहे, तेव्हा तुम्हाला तो युक्तिवाद वापरता येणार नाही. पुरेसं कारण दाखवलं तर उशीर माफ होऊ शकतो. पण ‘कंपनीशी बोलणं चालू होतं’ हे पुरेसं कारण मानलं जाईलच, याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

आता कंपनीचा बचाव काय असेल, ते उघड आहे. ‘मॉनिटर ठीक आहे, सेटिंग चुकलंय.’ आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा ते खरंही असतं. एचडीआर१० व्हिडिओत उजेडाची पातळी साध्या व्हिडिओपेक्षा वेगळ्या वक्रात साठवलेली असते. हा वक्र १०,००० निट्सपर्यंत जातो (निट हे पडद्याचा उजेड मोजायचं एकक). संगणकाने किंवा प्लेअरने तो साध्या वक्रासारखा वाचला, की तुम्ही म्हणता तसंच राखाडी चित्र दिसतं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘यूज एचडीआर’ हे बटण आहे, ते आधी चालू करा. बऱ्याच मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूमध्येही एचडीआर वेगळं चालू करावं लागतं. केबलचंही तसंच. एचडीएमआय २.० वरून ४के, ६० हर्ट्झ चित्र रंगाची पूर्ण माहिती ठेवून फक्त ८ बिटमध्ये जातं (बिट जास्त, तितक्या रंगछटा बारीक). १० बिट हवं असेल तर रंगाची माहिती कमी करावी लागते, किंवा डिस्प्लेपोर्ट १.४ वापरावा लागतो. एचडीआर चालू केल्यावर बाकीचा डेस्कटॉप फिका वाटला, तर तो दोष धरू नका. साध्या मजकुराचा उजेड वाढवायची वेगळी पट्टी तिथेच खाली असते.

हे सगळं करून पाहा आणि त्याचं एकच सलग चित्रीकरण करा. सुरुवात मॉनिटरच्या मागच्या सीरियल नंबरच्या पट्टीपासून. मग केबल कुठल्या पोर्टमध्ये आहे ते. मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’चं पान, ज्यावर बिट डेप्थ आणि कलर स्पेस लिहिलेली असते. शेवटी एकच दृश्य, आधी एचडीआर बंद आणि मग चालू. मध्ये कुठेही कट नको. यानंतर चित्र सुधारलं, तर प्रकरण तिथेच मिटलं. वाईट वाटून घेऊ नका, खटल्यापेक्षा ते कितीतरी बरं. नाही सुधारलं, तर ‘सेटिंग चुकलंय’ म्हणणाऱ्यापुढे ठेवायला तुमच्याकडे काहीतरी असेल.

आता जाहिरातीतल्या त्या शब्दाकडे या. ‘एचडीआर१०’ एवढंच लिहिलं असेल, तर कंपनी म्हणेल की आमचा मॉनिटर तो सिग्नल घेतो, आम्ही दुसरं काहीच म्हटलं नाही. पॅनेल किती उजळ असेल, हे त्या शब्दातून ठरत नाही. डिस्प्लेची मानकं ठरवणाऱ्या व्हेसा संस्थेने डिसेंबर २०१७ मध्ये आणलेल्या डिस्प्लेएचडीआर प्रमाणपत्रात सगळ्यात खालची पायरीसुद्धा ४०० निट्सची आहे. तुमच्या मॉनिटरच्या तपशिलात ३०० निट्स छापलं असेल, तर तो कागद कंपनीच आयोगासमोर ठेवेल. ‘अस्सल एचडीआर’सारखं काही ठाम वाक्य असेल, तर तुमची बाजू बळकट होते. पण ते पान तुम्ही जपलेलंच नाही! घेताना स्क्रीनशॉट काढायला अर्धं मिनिट लागतं. आता ऑर्डरच्या पुष्टीचा ईमेल, खोक्याचे फोटो, माहितीपुस्तिका, जे मिळेल ते शोधा. स्क्रीनशॉट सापडलाच, तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३च्या कलम ६३(४) प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडा. आयोग पुराव्याचे नियम न्यायालयाइतके काटेकोरपणे लावत नाही. तरी जोडाच.

तक्रारीत नुसतं ‘दोष’ म्हणू नका. अनुचित व्यापारी प्रथा आणि चुकीचं वर्णन हा मुद्दा पहिला घ्या. कलम २(१०) प्रमाणे विक्रेत्याने सांगितलेल्या दर्जात उणीव असणं हाही दोषच आहे, तेव्हा तो मुद्दा दुसरा ठेवा. चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. मग तक्रार निकाली काढायची कायद्यातली तीन महिन्यांची मुदत पाच महिन्यांची होते. कागदावर. कायद्याने तीन महिने दिलेल्या साध्या तक्रारीसाठी माझ्या अशिलांनी वर्षंच्या वर्षं तारखा घेतल्या आहेत. त्याचा मला आजही संताप येतो. म्हणूनच सांगतो, प्रकरण चाचणीवर टांगून ठेवू नका. चित्रीकरण आणि जाहिरात एवढ्यावर ते उभं राहील असं पाहा.

विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही पक्षकार करा. तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते आणि ती ऑनलाइनही दाखल होते. नोटीस पाठवायची तर आज पाठवा, पण तिच्या उत्तराची वाट पाहत दाखल करायचं लांबवू नका.

पूर्ण पैसे मिळतील का? सांगता येत नाही. २२ महिने वापरलेल्या वस्तूची पूर्ण किंमत द्यायला आयोग कचरू शकतो. बदलून मिळणं किंवा काही भरपाई, हे अधिक शक्य वाटतं. तेव्हा तिन्ही मागण्या एकीला दुसरी पर्याय म्हणून लिहा. आणि वकिलाकडे जाल, तेव्हा तक्रार क्रमांकांची यादी नंतर दाखवा. मॉनिटर घरी आल्याची तारीख असलेली डिलिव्हरीची नोंद आधी त्यांच्या हातात द्या.